वेताळाच्या कानातली खडखड

चंद्राला अठरा महिने पूर्ण होणार होते, त्या तारखेभोवती मी कॅलेंडरवर लाल पेनानं गोल काढून ठेवला होता. त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या पोराचा दहावीचा निकाल होता, त्याच्याभोवती गोल नव्हता. नवरा म्हणालाच, "कोणाचा वाढदिवस आहे?" मी म्हटलं, "वाढदिवसाहून मोठं आहे. तुम्हाला नाही कळायचं, चहा घ्या."

मी प्रतिभा. राहते जव्हारला आणि मोखाडा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. एचआयव्हीच्या तपासण्या माझ्याकडे असतात. पेशंटशी बोलायला वेगळी समुपदेशक मॅडम होती, ती लग्न करून नाशिकला गेली, तेव्हापासून बोलायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. पडलं म्हणजे काय, मला आवडतंच ते. फक्त मॅडम गोड बोलायची आणि मी ओरडते. आमच्या सिस्टर म्हणतात, प्रतिभाच्या तोंडाला कुलूप नाही आणि डोक्याला झाकण नाही. खरं आहे. मी कधी नाही म्हटलं नाही.

चंद्रा ही बाळीची मुलगी. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली. बाळी चार महिन्यांची पोटुशी असताना माझ्यासमोर बसली होती आणि माझ्याच पट्टीवर तिच्या रक्ताची रेघ उमटली. नवरा संदीप ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर असतो, त्यालाही निघालं. दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. पोर जन्मलं तशी त्याला पातळ औषधाची बाटली सुरू झाली. सहाव्या आठवड्यात आणि सहाव्या महिन्यात मी चंद्राच्या टाचेतून रक्ताचे ठिपके कागदावर घेतले, वाळवले, मुंबईला पाठवले. दोन्ही वेळा निरोप आला, पोरीत विषाणू नाही. पण आई अंगावर पाजते तोवर धोका राहतोच. म्हणून अठराव्या महिन्याची तपासणी शेवटची. ह्यात सुटली की पोर कायमची सुटली. आता सांगा, लाल गोल काढू नको तर काय करू?

पण त्याआधी सप्टेंबरात काय झालं ते सांगितलं पाहिजे.

तेव्हा चंद्रा दहा महिन्यांची. बाळी तिला घेऊन चार दिवस संदीपकडे ठाण्याला गेली होती. तिथं पोरीला ताप आला. जवळच्या कुठल्याशा दवाखान्यात नेली, तिथं कोणीतरी तिचं रक्त पट्टीवर टाकलं आणि सांगून मोकळा झाला, "पोरीला पण आहे." झालं! तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लॅबच्या दारात लक्ष्याबाबा उभे. बाळीचे सासरे. उंच, काटक माणूस, पांढऱ्या मिशा, खांद्यावर गोणी, आणि मागं बाळी रडून रडून डोळे सुजलेली.

"ताय, तू खोटा बोलली!" दारातूनच सुरू. "पोर चांगला हाय बोलली ना? ठान्याचा डाक्टर बोलतो पोर गेला!"

"कोण गेलं? तुमच्या समोर पाय हलवतंय ते कोण आहे?" मी पण तेवढ्याच आवाजात. "आणि मला खोटारडी म्हणायचं तर आत या, बाहेर तमाशा नको."

आत आले. दार लावलं. आणि तेव्हा माझी नजर गोणीकडे गेली. तिच्यातून एक लाल जीभ बाहेर आली होती.

लक्ष्याबाबा सोंगं बनवतात. आमच्याकडे बोहाडा असतो, होळीनंतर गावोगावी देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे लावून नाचतात, त्या मुखवट्यांना आम्ही सोंग म्हणतो. कागदाचा लगदा, डिंक, वरून रंग. त्यांच्या घराण्यात वेताळाच्या सोंगाचा मान आहे, ते सोंग त्यांनीच नाचवायचं. गोणीतलं मात्र दुसऱ्या गावाचं होतं, डागडुजीला आलेलं. मी विचारलंसुद्धा नाही. सरळ हात घातला, सोंग काढलं आणि टेबलावर ठेवलं.

आता हे सांगताना मला आजही राहवत नाही. शिकत असताना पहिल्यांदा ह्या विषाणूचं चित्र पाहिलं तेव्हा मी अख्खी रात्र कोणाशी बोलले नव्हते, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते घरच्यांना विचारा.

"बाबा, हा विषाणू म्हणजे एवढासा गोळा. डोळ्याला दिसायचा नाही. आणि त्याचं कातडं त्याचं स्वतःचं नाहीच! आपल्याच पेशीचं चोरून पांघरलेलं. त्या कातड्यावर खुंट्या उभ्या असतात. त्या तेवढ्या त्याच्या. सगळी बदमाशी त्या खुंट्यांत आहे."

"खुंट्या कशाला?"

"घरात शिरायला! आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, राखणदार. त्यांच्या अंगावर कडी असते. खुंटीचं डोकं बरोबर ती कडी धरतं. तीच, दुसरी नाही. धरली की डोकं उघडतं, मग आतला भाग पुढं येतो आणि शेजारची दुसरी कडी धरतो. दोन्ही धरल्या की खुंटीच्या बुडातून असा सुळा सुटतो," मी पेन उचलून दाखवला, "तो पेशीच्या कातड्यात रुततो आणि मग मध्येच दुमडतो. दुमडला की काय होईल? दोन्ही कातडी ओढली जातात, एकमेकांना भिडतात, एक होतात. झालं दार उघडं! आतला सगळा ऐवज पेशीच्या पोटात."

बाळी रडायची थांबली होती. लक्ष्याबाबा माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होते.

"आनी आपला अंग काय करतो? गप बसतो?"

"गप कसं बसेल! अंग त्या खुंटीला ओळखणारे तयार करतं. अँटिबॉडी म्हणतात त्यांना. पण खुंटी हुशार. तिनं अंगभर साखर माखलेली असते, तीही आपल्याच अंगातली, त्यामुळे ती परकी वाटत नाही. शिवाय चेहरा सारखा बदलते. आजच्या चेहऱ्याला ओळखणारे तयार होईपर्यंत हिनं दुसरा चेहरा लावलेला. म्हणून ओळखणारे खंडीभर आणि अडवू शकणारे थोडे."

"आनी ती पट्टी?"

"तेच तर! पट्टीवर विषाणू नसतोच. कारखान्यात नुसता त्या खुंटीचा चेहरा बनवतात आणि रेघेत लावून ठेवतात. रक्तात ओळखणारे असले की ते येऊन त्या चेहऱ्याला चिकटतात आणि रेघ रंगते."

लक्ष्याबाबांनी टेबलावरचं सोंग उलटं केलं. आतली पोकळी बघितली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आत मानूस नाय. नुसता सोंग मांडून ठेवलाय, आनी बघताव कोन वळखतो."

मी टाळीच वाजवली. खोटं नाही सांगत, नोकरीच्या सात वर्षांत इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. मीटिंगमध्ये स्लाइड लावून सांगितलं तरी डोळे मिटून बसतात लोक.

"बरोबर! आता ऐका. पोर पोटात असताना आई नाळेतून आपले ओळखणारे त्याला देते. बाळीनं चंद्राला विषाणू दिला नाही, पण ओळखणारे दिले. ते चंद्राच्या रक्तात फिरतायत. ठाण्याच्या पट्टीवर ते चिकटले. त्यांनी रेघ आणली, पोरीच्या आजारानं नाही. दहा महिन्यांच्या पोराची ती पट्टी करायचीच नसते."

"आनी ते ओळखनारे जातात कवा?"

"वर्ष-दीड वर्षात विरून जातात."

ते बाळीकडे वळून म्हणाले, "नवरीसंगती पाठराखीन जाते, तसा. चार दिवस ऱ्हाते, मंग आपल्या घरी परत."

बाळीनं पदरानं नाक पुसलं आणि चंद्राला घट्ट धरलं. मी त्याच दिवशी पुन्हा रक्ताचे ठिपके पाठवले. विषाणू नाही. तेव्हापासून लक्ष्याबाबा कधीही आले की दारातून विचारायचे, "पाठराखिनी गेल्या का?" आणि मी ओरडायचे, "अजून नाही, जेवण बाकी आहे त्यांचं!"

जानेवारीत बाळीच्या स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट आला. विषाणू सापडला नाही. म्हणजे गोळ्यांनी तो इतका दबलेला की मशीनलाही दिसत नाही. गेला असं नाही. गोळी बंद केली की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा डोकं काढतो. हे मी सांगितलं होतं. पण आधी आनंदानं "सापडला नाही!" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की पुढचं कोणाच्या कानात शिरलं देव जाणे.

तर, लाल गोलाचा दिवस.

मी सकाळी साडेआठलाच हजर. तीन वेगवेगळ्या किट काढून, तारखा बघून, ओळीत मांडल्या. अठरा महिन्यांच्या पोराला तिन्ही कराव्या लागतात. दहा वाजले, साडेदहा वाजले. मी तीन वेळा गेटपर्यंत जाऊन आले. सिस्टर म्हणाल्या, "प्रतिभा, बस की जरा, वरात यायची आहे का?" अकराला काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्यातून तिघं उतरली. बाळीचा पदर अजून ओला होता. वरच्या पाड्यांना मे महिन्यात टँकर येतो, तो आला की आधी पाणी, मग बाकी जग.

"काय बाबा, उशीर!"

"पानी भरून आलाव. पाठराखिनी गेल्या का?"

"तेच बघायचंय. बसा."

चंद्रा माझ्याकडे बघून हसली. वर दोन, खाली दोन दात. केसांना लाल रिबीन. मी तिच्या बोटाला टोचलं तेव्हा तिनं असा सूर लावला की कॉरिडॉरमधली कुत्रीसुद्धा उठून गेली. तीन पट्ट्यांवर एकेक थेंब, वरून औषधाचे थेंब. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. वीस मिनिटं.

"वरची रेघ यायलाच पाहिजे," मी बाळीला समजावलं, "ती आली म्हणजे पट्टी चांगली. खालची नको. खाली कोरं राहिलं की आपण जिंकलो."

बाळीनं मान हलवली. ती कमीच बोलते. सासऱ्यासमोर तर नाहीच. पोरीला छातीशी धरून खाली बसली.

लक्ष्याबाबा मात्र रंगात होते. "ताय, तू औंदा बोहाड्याला आली नाय. औंदा येताळ बोलला!"

"कोण बोलला?"

"येताळ! सोंग! डोक्यावर चढवला, पयला पाय टाकला, आनी कानाशी खडखड, खडखड. मी नाचतोय, तो बोलतोय. माझा बाप चाळीस वर्सा नाचला, त्याला नाय बोलला. मी तीस वर्सा नाचतोय, मला नाय बोलला. औंदा बोलला! गावानं पाच नारळ फोडलं."

"असं? काय म्हणाला?"

"त्याची भाशा आपल्याला कशी कळंल? पन बोलला. नेम कडक पाळला ना औंदा. आमचा नेम हाय, सोंग माळ्यावरून खाली काढला का नाचून परत वर जाईपर्यंत घरात कोनी औशिद घ्यायचा नाय. येताळ राखतो, तवा दुसऱ्यावर भरोसा ठेवायचा नाय. पंधरा दीस. मी माझी बीपीची गोळी बंद केली. म्हातारीनं खोकल्याचा काढा बंद केला. बाळीची गोळी बी बंद."

मी घड्याळाकडे बघत होते. मान वळवली ती इतक्या हळू की माझं मलाच कळलं.

"काय बंद?"

"गोळी. डबा मी सोता माझ्या पेटीत ठेवला, कुलपात. पंधरा दीस. तू बोलली व्हती ना जानेवारीत, सापडला नाय? मंग पंधरा दिसानं काय व्हतंय?"

मार्चमध्ये बोहाडा. मार्चमध्ये चंद्रा अंगावर पीत होती. बोहाडा झाल्यावर तोडली, दोन महिने झाले. म्हणजे पंधरा दिवस गोळी नाही आणि पोर रोज दूध पितंय. पंधरा दिवस! मघापर्यंत मला ह्या तीन पट्ट्यांचा निकाल जवळजवळ पाठ होता. आता मला काहीच माहीत नव्हतं.

"बाबा!" मी ओरडले. असं ओरडले की सिस्टर दारातून डोकावून गेल्या. "अहो, काय केलंत हे! सापडला नाही म्हणजे मेला नाही! लपलाय! पेशींच्या पोटात दडून बसलाय. गोळीनं त्याला दाबून धरलंय. हात काढला की तो उठणार, नव्या खुंट्या घेऊन बाहेर पडणार. दुधात येणार. पोर पीत होतं हो! तुम्हाला सांगितलं होतं मी, एक दिवस चुकवायची नाही!"

लक्ष्याबाबांचा चेहरा उतरत गेला. मिशीवरचा हात तसाच राहिला.

"आणि तू?" मी बाळीकडे वळले. आता थांबणं माझ्या हातात नव्हतं. "तू किती वेळा ऐकलंस माझं? तुला नव्हतं कळत? सासरा म्हणाला आणि तू दिलास डबा काढून? तोंड नाही का तुला?"

बाळीनं मान आणखी खाली घातली. पोरीच्या रिबीनची गाठ ती सोडत होती, बांधत होती.

घड्याळात सात मिनिटं झाली होती.

मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. पेशंटसमोर घाबरायचं नसतं हे मला माहीत आहे, पण चंद्राच्या पायाला टोचताना ती सहा आठवड्यांची होती, तेव्हापासून मी तिला बघत आले होते. तिचं पहिलं बसणं, पहिला दात, पहिलं "ताता". मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. वरच्या रेघा उगवायला लागल्या. पहिल्या पट्टीवर गुलाबी. दुसऱ्या पट्टीवर. तिसरीवर जरा उशिरा. खाली अजून काही नाही, पण ह्या वेळेला खाली काही नसणं ह्याला अर्थ नसतो. फिकट रेघ सतराव्या मिनिटालासुद्धा येते. मी पाहिल्यात.

लक्ष्याबाबा उठून टेबलाजवळ आले. "ताय, तो सोंग मांडलाय ना, पट्टीवर? त्याला कोन वळखतो का बघतीस ना?"

"हो."

"आता वळखनारा आला, तर ती पाठराखीन नसंल."

"नाही. आता आला तर तो तिचा स्वतःचा असेल."

त्यांची टोपी त्यांच्या हातात होती आणि ते तिच्या कडेचा दोरा ओढत होते. दहा मिनिटं. बारा. चंद्रा रडून थकली आणि तिनं जमिनीवर पडलेलं पेनाचं टोपण उचलून तोंडात घातलं. बाळीनं ते काढून घेतलं. पंधरा. मी पहिली पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात नेली. डोळे फाडून बघितली. कोरी. दुसरी. कोरी. तिसरीवर मला काहीतरी सावलीसारखं वाटलं. पट्टी तिरकी केली. माझ्याच बोटाची सावली होती.

अठरा. एकोणीस. वीस.

"कोरी!" मी म्हटलं. मग पुन्हा, मोठ्यानं. "कोरी! तिन्ही कोऱ्या! एकसुद्धा नाही! बाळे, सुटली गं पोरगी! सुटली!"

मी चंद्राला उचललं आणि गरकन फिरवलं. ती पुन्हा रडायला लागली, रडू दे म्हटलं. सिस्टर धावत आल्या. मी त्यांना पट्ट्या दाखवल्या, त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. बाळी तशीच जमिनीवर बसलेली, दोन्ही हातांनी तोंड झाकून, खांदे गदगदत होते. लक्ष्याबाबा भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी.

आणि मग त्या माणसानं डोळे पुसले, टोपी डोक्यावर चढवली आणि ते ताठ झाले.

"बघ!" मला म्हणाले. "बघ ताय, वरडत व्हतीस. येताळानं राखली! पंधरा दीस गोळी नाय, तरी पोर कोरा! म्हनून बोलला तो माझ्या कानात. पुढल्या साली महिनाभर नेम धरनार. बाळीची गोळी महिनाभर बंद!"

आता मात्र माझ्या डोक्याचं झाकण उडालं. मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी दुसराच आवाज आला.

"बंद नव्हती."

बाळी उभी राहिली होती. भिंतीला पाठ लावून.

"काय?" लक्ष्याबाबा म्हणाले.

"गोळी बंद नव्हती. रोज घेतली. पंधराच्या पंधरा."

"डबा माझ्या पेटीत व्हता!"

"डबा व्हता. गोळ्या आदीच काढून घेतल्या व्हत्या. सोळा. एक जास्तीची घेतली, बोहाडा लांबला तर म्हनून."

माझं तोंड उघडं ते उघडंच.

"घरात मी सगळा झाडून-सारवून घेतो त्या दिसांत," लक्ष्याबाबा म्हणाले. "चुलीमागं, कनगीत, सगळीकडं हात जातो म्हातारीचा. कुठं ठेवल्या तू?"

बाळी जमिनीकडे बघत होती. मग तिनं मान वर केली.

"जिथं कोनाचा हात जात नाय तिथं. सोंगात. रोज सांजच्याला त्याच्यापुढं दिवा मीच लावते ना. कुंकवाची रिकामी डबी व्हती, तिच्यात गोळ्या, आनी डबी येताळाच्या कानामागच्या खाचेत. दिवा लावायची, गोळी घ्यायची. शेवटच्या दिसी डबी काढायला गेले, तवर तुमी सोंग उचलला. एक गोळी ऱ्हायली व्हती आत."

लक्ष्याबाबांचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला.

"खडखड," ते म्हणाले.

"हां."

मला हसू फुटणार होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते आवरलं. तीस वर्षं नाचलेला माणूस. पाच नारळ. मी मनात म्हटलं, आता हा म्हातारा चिडणार, आणि चिडला तर मी मध्ये उभी राहणार. तयारीत होते.

"मघाशी ताय तुला एवढी बोलली," लक्ष्याबाबा म्हणाले, "तवा का नाय बोलली तू?"

"रेघ आली असती तर?" बाळी आता थांबत नव्हती. "मी आदी बोलले असते आनी रेघ आली असती, तर तुमीच बोलला असता, हिनं नेम मोडला म्हनून पोराला आला. साऱ्या पाड्यानं मला हाकलली असती. म्हनून गप बसले. आनी आताबी गप बसनार व्हते. पन तुमी महिनाभर बोललात."

माझे कान गरम झाले. पंधरा मिनिटांपूर्वी मीच तिला विचारलं होतं, तोंड नाही का तुला.

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला, परत दिला.

"भ्याली नाय तू?" लक्ष्याबाबांनी विचारलं.

"भ्याले ना. रोज."

"येताळाला?"

"नाय. तुमाला. येताळ काय बोलला नाय मला. रोज त्याच्या तोंडापुढं घेत व्हते, एक दीस बी काय बोलला नाय."

म्हाताऱ्याच्या मिशा हलायला लागल्या. मला वाटलं रडतोय. पण तो हसत होता. आधी आवाज न करता, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पाच नारळ!" तो म्हणाला. "अख्ख्या गावाला सांगितला मी! सरपंचानं पाया धरलं माझं!" सिस्टर हसत सुटल्या, मी हसत सुटले, आणि चंद्रा आम्हा वेड्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. बाळी हसली नाही. ती अजून त्यांच्याकडेच बघत होती.

त्या दिवशी तिचा पुढच्या महिन्याच्या गोळ्यांचा डबा न्यायचा होता. मी तो कपाटातून काढला आणि सवयीनं लक्ष्याबाबांपुढं धरला, कारण एरवी तेच घेतात. त्यांनी घेतला. कानाशी नेऊन हलवला. भरलेला डबा, फारसा वाजला नाही. मग तो त्यांनी बाळीच्या हातात दिला.

"पुढल्या साली," ते तिला म्हणाले, "डबी तिथंच ऱ्हाऊ दे, कानामागं. काढू नको. आनी मी उचलायच्या आदी दोन गोळ्या जास्तीच्या टाक. गाव इचारील ना, येताळ औंदा का नाय बोलला."

तेव्हा हसली ती.